कोकणात हस्की आणि मॅलम्यूट: सांभाळ, दमट हवा आणि डॉग शो

कातळवाट

डॉग शोंचा मोसम जवळ आला की मला ठरावीक निरोप यायला लागतात. ‘चिपळूणला राहतो, हस्की घ्यायचाय, चालेल ना?’ ‘देवगडला बागेत मोठं घर आहे, मॅलम्यूट ठेवता येईल का?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. ज्यांच्याकडे हे कुत्रे आहेत त्यांनी भर घालावी.

माझ्याकडे भालू आणि नीरा हे दोन अलास्कन मॅलम्यूट आणि मोती ही सैबेरियन हस्की आहे. आई-बाबांसाठी आम्ही कॅनडातून रत्नागिरीला परत आलो तेव्हा दोन्ही मॅलम्यूट सोबत आणले. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्रे आणायला २०१६ साली बंदी आली, पण मुक्काम हलवताना स्वतःचे पाळीव प्राणी कागदपत्रं पूर्ण करून आणता येतात. मोती मुंबईतल्या एका कुटुंबाकडून आली. त्यांना ती झेपत नव्हती. भालू आणि मोतीला मी शोमध्ये उतरवते.

सगळे आधी तापमान विचारतात. रत्नागिरीत मे महिन्यातही पारा बहुतेक दिवस ३३-३४ च्या आसपास असतो, विदर्भात ४५ होतात, मग इथे अडचण कसली? अडचण हवेतल्या पाण्याची आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना थोडासा येतो तेवढाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून. जिभेवरचं, नाकातलं, घशातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि तिथलं रक्त थंड होतं. हवाच पाण्याने भरलेली असेल तर ती वाफ होणार कुठे? जुलैत झड लागलेली असताना २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते. आपल्याला गार वाटतं, गोधडी घ्यावीशी वाटते, आणि त्याच वेळी पडवीत झोपलेला मॅलम्यूट आतून तापत असतो. म्हणून इथल्या उन्हाळ्याइतकीच मला पावसाळ्याची आणि त्याहून जास्त ऑक्टोबरची काळजी वाटते. ऑक्टोबरात ऊन आणि दमटपणा दोन्ही एकदम अंगावर येतात.

मी एक ठोकताळा वापरते. फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा आकडा यांची बेरीज करायची. ती १५० च्या वर गेली तर पळवायचं नाही, फक्त शी-शूसाठी बाहेर न्यायचं आणि परत आत. जुलैतला वरचा दिवस घ्या: ८१ अधिक ९०, म्हणजे १७१. जानेवारीत पहाटे साधारण ६७ अधिक ७३, म्हणजे १४०. वर्षातले किती दिवस या कुत्र्यांना खरं धावता येतं याचा अंदाज यावरून बांधा.

आता खोली. माझ्या कुत्र्यांची खोली जांभ्याच्या जुन्या भिंतींची, उत्तरेकडची आहे. एसी २३ वर, पावसाळ्यात बहुतेक वेळ ड्राय मोडवर, शिवाय हवेतलं पाणी शोषणारं यंत्र. खोली बंद असताना वीज गेली तर तीच खोली तासाभरात जीवघेणी होते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे बॅटरीवर चालणारा पंखा, जाळीची मोठी खिडकी, जनरेटर, आणि तापमान वाढलं की फोनवर कळवणारा सेन्सर, हे सगळं कुत्रा घरात यायच्या आधी हवं. घरात कायम एक जाणता माणूस हवा. विजेचं बिल किती येतं ते विचारणाऱ्यांना मी खरं सांगते: आमच्या घरातला तो सगळ्यात मोठा नियमित खर्च आहे.

आणि कृपा करून केस भादरू नका. वरचे राठ केस आणि आतली लोकर असा या जातींचा दुहेरी कोट असतो. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो. यंत्र फिरवून तो काढला की कातडी उघडी पडते, आणि नॉर्डिक जातींमध्ये भादरलेले केस कित्येक महिने धड परत येतच नाहीत. करायचं ते उलट: सुटलेली लोकर रोज काढत राहायची, म्हणजे हवा कातडीपर्यंत पोहोचते.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. ज्यांच्याकडे हे कुत्रे आहेत त्यांनी ते चांगले सांभाळावेत, त्यासाठी लागेल ती मदत मी करीन. पण किनारपट्टीवर राहणाऱ्याने हौसेखातर नवीन पिल्लू आणू नये.

सागरगोटा

उत्तम धागा. वाचतोय.

मालवणी_झील

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आमचं मालवणजवळ होमस्टे आहे. पर्यटकांच्या लहान मुलांना कुत्र्यांबरोबर फोटो काढायला फार आवडतं, म्हणून मोठा, केसाळ कुत्रा घ्यायचं माझ्या डोक्यात आहे. मला स्वतःला कुत्र्यांचा लहानपणापासून नाद आहे, नुसता धंद्यासाठी विचार नाही. एका शहरातल्या विक्रेत्याने फोटो पाठवलेत. निळ्या डोळ्यांचा मॅलम्यूट, सहा आठवड्यांचा, ‘जायंट लाईन’, मोठा झाला की सत्तर किलो होईल म्हणतो. कागद नंतर देणार. बाबांचं म्हणणं, ‘ह्या कुत्र्याक आमच्यापेक्षा जास्त थंडी होई, बिल कोण भरतलो?’ शोमध्येही उतरवता आला तर बाबांना समजावता येईल असं वाटतं. काय करू?

रिंगसाईड

झील, पैसे पाठवले नसशील तर थांब. मी पुण्याचा, हँडलर म्हणून रिंगमध्ये कुत्रे उतरवतो. तू लिहिलेल्या चारही गोष्टी मला खटकतात.

मॅलम्यूटचे डोळे तपकिरी असतात. निळा डोळा हा त्या जातीत बाद करणारा दोष आहे. निळे, तपकिरी, एक निळा एक तपकिरी हे सगळं हस्कीत चालतं, मॅलम्यूटमध्ये नाही. म्हणजे ते पिल्लू एकतर हस्की आहे किंवा मिश्र.

सत्तर किलोची बढाई तर सोडूनच दे. मॅलम्यूटच्या मानकात नराची उंची खांद्याला ६३.५ सेंमी आणि वजन ३८ किलो दिलंय, मादीची ५८.५ सेंमी आणि ३४ किलो. ओझं ओढत दिवसभर चालणाऱ्या कुत्र्याचं हे माप आहे. थोडंफार इकडेतिकडे चालतं, पण त्याच्या दुप्पट वजनाचा कुत्रा म्हणजे दुखणारे खुबे आणि दमणारं काळीज, आणि कोकणात तर त्याहून वाईट. हस्की लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो: नर ५३.५ ते ६० सेंमी, २०.५ ते २८ किलो. ६० च्या वर गेला की रिंगमधून बाद.

तिसरं, २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आणि ‘कागद नंतर’ म्हणजे कागद कधीच नाही असं समज. केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंद आणि मायक्रोचिप नसेल तर शोचा प्रश्नच मिटला.

कातळवाटताईंच्या शेवटच्या वाक्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. पूर्ण वेळ एसी, हुशार मालक आणि चांगली रक्तरेषा असेल तर किनाऱ्यावरही कुत्रा चांगला जगतो. ताईंचा भालू मी स्वतः रिंगमध्ये पाहिलाय, त्याच्यासारखी चाल पुण्या-मुंबईतल्या भल्याभल्या कुत्र्यांची नाही.

आगरातली

मी दापोली तालुक्यातली, किनाऱ्यालगत आमचं आगर आहे. कुत्र्यांच्या शोमधलं मला काही कळत नाही, पण एक आठवण लिहावीशी वाटली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माड, सुपारी, फणस, काही राहिलं नाही. विजेचे खांब तर कापून काढल्यासारखे आडवे झाले होते आणि आमच्याकडे कितीतरी आठवडे वीज नव्हती. जनरेटर होता त्यांना डिझेल मिळत नव्हतं, रस्त्यावर झाडं पडलेली, फोन बंद. शेजारच्या वाडीत मुंबईकरांचं घर आहे, त्यांनी लॉकडाऊनमध्ये येताना हस्की आणलेला. छप्पर उडालेलं, वर पाऊस, खाली दमट जमीन. त्या घरातल्या वहिनी त्याला दिवसातून कितीदा तरी विहिरीचं पाणी ओतून पुसायच्या आणि सुपाने वारा घालायच्या. कुत्रा वाचला, पण वहिनींची दशा बघवत नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं.

घरात सगळी सोय आहे असं म्हणताना ही सोय तारेवर लटकलेली आहे, हे कोकणातल्या माणसाने विसरू नये.

दुसरं कोंबड्यांचं. तो हस्की स्वभावाने इतका लाघवी की अनोळखी माणसाच्याही कुशीत शिरेल, पण गडगा ओलांडून आमच्या खुराड्यात शिरला तेव्हा दहा मिनिटांत काही शिल्लक ठेवलं नाही. त्यांनी भरपाई दिली, आमचे संबंधही चांगले आहेत. पण वाडीत सगळ्यांच्या कोंबड्या मोकळ्या असतात. नव्या माणसाने याचा विचार करावा.

कातळवाट

आगरातलीताई, तुम्ही लिहिलंत ते मोलाचं आहे. रिंगसाईड, माझ्या मताचं मुख्य कारण हेच. पुण्यात वीज गेली तर रात्री खिडकी उघडून भागतं. इथे खिडकी उघडली की बाहेरून ओलावाच आत येतो.

शिकारी वृत्तीबद्दल दुजोरा. हस्कीला चुकची लोक उन्हाळ्यात मोकळं सोडत, तो स्वतःचं पोट स्वतः भरायचा, असं जातीच्या इतिहासात वाचायला मिळतं. त्यामुळे कोंबडी, मांजर, शेळीचं करडू दिसलं की त्याला शिकवलेलं आठवत नाही. आणि जांभ्याचा कमरेएवढा गडगा म्हणजे त्याच्यासाठी पायरी. माझ्याकडे सहा फुटी जाळी आहे, खाली जमिनीत पुरलेली, कारण हे उकरूनही पळतात. रात्री तर कुठलाच कुत्रा बाहेर नको, आमच्या भागात बिबट्याचा वावर आहे.

पशुवैद्य_कुडाळ

चांगली चर्चा चाललीय, माझ्या कामातलं थोडं लिहितो.

बेरजेचा जो नियम ताईंनी दिलाय तो ठोकताळा म्हणूनच वापरावा. जाड कुत्रा, म्हातारा कुत्रा, आधी एकदा उष्माघात झालेला कुत्रा १४० लाही कोसळू शकतो. आकड्यापेक्षा कुत्र्याकडे बघा. जीभ रुंद होऊन बाजूने लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या विटकरी लाल दिसल्या, मागचे पाय लटपटले की तिथेच थांबा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या वर गेलं की एक-एक मिनिट महत्त्वाचं.

अशा वेळी लोक ओला टॉवेल गुंडाळून कुत्रा गाडीत घालतात आणि तास-दीड तासाचा रस्ता कापून माझ्याकडे येतात. तसं करू नका. आधी जागेवर गार करा, मग निघा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी भरपूर ओता, आणि या जातींचा कोट पाणी झटकून टाकतो म्हणून बोटांनी केस फाकवून पाणी कातडीपर्यंत जाऊ द्या. पोट, काखा, जांघा आधी. सोबत पंखा किंवा वारा हवाच. अंगावर टाकलेला टॉवेल थोड्या वेळात कोमट होतो आणि उष्णता आत कोंडतो, तो नको. गुदद्वारातून थर्मामीटरने मोजत राहा आणि १०३ ला आलं की पाणी थांबवा, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरतं. कुत्रा उठून उभा राहिला, शेपूट हलवली, तरी दवाखान्यात आणाच. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची क्रिया यांचं नुकसान कधीकधी एक-दोन दिवसांनी दिसतं.

गोचिडांचं इथे बारा महिने असतं. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन्ही गोचीड-ताप मी कायम बघतो. गावठी कुत्र्याच्या अंगावर गोचीड लगेच दिसतो, मॅलम्यूटच्या लोकरीत शंभर लपले तरी वरून पत्ता लागत नाही. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी रोज हात फिरवा. प्रतिबंधक गोळ्या वजनानुसार, वेळेवर. कुत्रा सुस्त झाला, जेवण सोडलं, नाकातून रक्त आलं तर वाट न बघता रक्त तपासा.

आणि लेप्टो. भातलावणीच्या दिवसांत आपण माणसं डॉक्सिसायक्लिन घेतो तो हाच आजार. उंदरांच्या मुतातून चिखलात येतो. वार्षिक लसीत लेप्टोचा भाग आहे ना, हे डॉक्टरला विचारून खात्री करून घ्या. मळ्यातल्या चिखलात, साचलेल्या पाण्यात या कुत्र्यांना लोळू देऊ नका, त्यांना तिथेच लोळायचं असतं हे ठाऊक असूनही सांगतो.

हिमरेषा

मी अँकरेजला राहते, माहेर वेंगुर्ल्याचं. धागा वाचून दोन्हीकडच्या गोष्टी एकदम मनात आल्या.

इथे जे खऱ्या शर्यतीत धावतात ते कुत्रे बघितले तर तुमच्यातल्या पुष्कळांना ओळखूही येणार नाहीत. सडपातळ, लांब पायांचे, रंगाचा काही नेम नाही. त्यांना अलास्कन हस्की म्हणतात. ती केनेल क्लबची नोंदलेली जात नाही, वेग आणि दम बघून पिढ्यान्‌पिढ्या जुळवलेला संकर आहे. १९७३ पासून अँकरेज ते नोम अशी साधारण हजार मैलांची इडिटारॉड शर्यत होते, तिच्यात आता बहुतेक हेच असतात. मॅलम्यूट हा वेगाचा कुत्राच नव्हे. कोत्सेब्यू खाडीच्या परिसरातल्या इनुइट लोकांनी जड सामान ओढायला तो घडवला.

सैबेरियन हस्कीचं नाव जगभर गाजलं ते १९२५ च्या जानेवारीत. नोममध्ये घटसर्पाची साथ आली, बंदर गोठलेलं, विमान उडण्याजोगं नव्हतं. बर्फावरची घसरगाडी हाकणारे वीसेक गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्रे यांनी हातोहात ६७४ मैल घटसर्पावरचं प्रतिविष (अँटिटॉक्सिन) पोहोचवलं, साडेपाच दिवसांत. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आहे. सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा मात्र लिओनार्ड सेपाला या गाडीवानाच्या टोगोने धावून काढला होता. इथले जुने लोक टोगोचं नाव आधी घेतात, आणि मलाही तेच योग्य वाटतं.

मुद्द्यावर येते. इथे शून्य अंशाच्या आसपास तापमान गेलं की गाडीवान म्हणतात, ‘आज कुत्र्यांना गरम होतंय’, आणि दिवसा विश्रांती देऊन रात्री धावतात. शून्याला! पायात कापडी मोजे, प्रत्येक मुक्कामावर पशुवैद्याची तपासणी. वेंगुर्ल्याच्या हवेत हा कुत्रा आपल्या आनंदासाठी ठेवायचा, हे मला पटत नाही. मला रागवायचं नाही कुणावर. ताईंसारखी परिस्थिती असेल तर गोष्ट वेगळी.

कणकवलीकर_६

सगळं मान्य, पण शोचीच हौस असेल तर आपल्याच मातीतली जात का नको? कारवान हाउंड, आपण ज्याला करवानी म्हणतो, तो दख्खनचा कुत्रा. केनेल क्लबची मान्यता आहे, रिंगमध्ये उतरतो, आखूड केसांचा, उन्हात ससा धरणारा. मुधोळ हाउंड म्हणून २००५ साली त्याचं टपाल तिकीटही निघालं. दिसायला राजबिंडा. झील, विचार कर.

मालवणी_झील

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांची पोस्ट प्रिंट काढून ठेवतोय, आमच्या गावठी बंड्यालाही उपयोगी पडेल. त्या विक्रेत्याला निळ्या डोळ्यांबद्दल विचारलं तर त्याने उत्तरच दिलं नाही. विषय संपला.

पण एक शंका. ताई, तुम्ही स्वतः नको म्हणता आणि शोमध्येही उतरवता. शोमुळे कुत्र्याला त्रास होत नाही का? आणि अशा हवेत त्याला रिंगसाठी तयार कसं करता?

कातळवाट

प्रश्न रास्त आहे, सविस्तर लिहिते.

शोमध्ये जज काय बघतो? आधी दात, चावा कात्रीसारखा जुळतो का, छाती, खांद्याचा कोन, पाठीची रेषा, नराचे दोन्ही वृषण. मग चाल. समोर नेऊन परत आणायचं, त्रिकोणात, गोल. मॅलम्यूट ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) वेग घेतो तेव्हा पाय शरीराच्या मध्यरेषेकडे झुकत जातात, पाठ मात्र हलत नाही. ही चाल नुसत्या ब्रशने आणता येत नाही. ती स्नायूंतून येते, स्नायू व्यायामातून येतात, आणि व्यायाम कोकणात घडवायचा तर मालकाला वर्षभर डोळ्यांत तेल घालून नियोजन करावं लागतं. शोचा मला हाच उपयोग वाटतो. तिथे जायचं म्हणून मी वजनात ढिलाई करत नाही, आणि बाहेरचा जाणकार माणूस माझ्या कुत्र्याच्या अंगावर हात फिरवून मला जे दिसत नाही ते सांगतो. भालूच्या डाव्या खांद्याचा आखडलेपणा एका जजच्या शेऱ्यामुळे लवकर कळला.

व्यायामाला आम्ही समुद्र वापरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पहाटे सहाच्या आगेमागे पूर्ण ओहोटी असते. लांबवर ओली, घट्ट वाळू उघडी पडते. त्या वाळूवर पंजे रुतत नाहीत, डांबराइतके झिजतही नाहीत. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, बेरीज बघून, सूर्य माडांच्या वर यायच्या आत मोजका ट्रॉट. उरलेल्या वर्षात खोलीतच ट्रेडमिल, एसीत, कमी वेगाने. घरी आल्यावर खारं पाणी गोड्या पाण्याने धुवायचं, नाहीतर कातडी खाजते.

खरं काम त्यानंतरचं. या कुत्र्यांचे पंजे बर्फासाठी आहेत, बोटांच्या मध्ये दाट केस. कोकणात तेच केस ओल धरून ठेवतात. मी पंजा हातात घेऊन एकेक बेचकं उघडते, आधी सुती फडक्याने टिपते, मग ड्रायरची गार हवा. बेचक्यात लालसर तांबूस डाग दिसला किंवा आंबूस वास आला तर बुरशी सुरू झालीय. अंगाचं तसंच. वरून हात लावला तर कोट कोरडा लागतो, पण कंगव्याने केसांची सरळ भांग पाडत कातडीपर्यंत गेलं की मुळाशी बोटाला ओल लागते. ती तिथे राहिली की रात्रीत रुपयाएवढी ओली जखम होते आणि सकाळपर्यंत तळहाताएवढी. म्हणून पावसाळ्यात आंघोळ अगदी क्वचित, आणि घातली तर ब्लोअरने मुळापर्यंत वाळवल्याशिवाय उठायचं नाही. मॅलम्यूटला दोन तास सहज लागतात.

खाणं थोडक्यात. हस्की अंगाच्या मानाने फार कमी खातो, त्याला बळेच भरवू नये. तारली-बांगडा आमच्याकडे असतोच, पण उकडून, काटे काढून, कारण तारलीसारख्या कच्च्या माशातला एक घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. सुकट, खारा मासा अजिबात नाही. काही हस्की-मॅलम्यूटमध्ये जस्त नीट शोषलं जात नाही. डोळ्यांभोवती, ओठांभोवती खपल्या धरल्या तर बुरशी समजून मलम चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि कोटच्या बाबतीत आमचे कुत्रे मागे पडतात, हे धरूनच मी उतरते. थंड गावातल्या कुत्र्याची लोकर आमच्या कुत्र्यांना कधीच येत नाही. जज चालीला मान देणारा असेल तर आम्हाला सीसी (चॅलेंज सर्टिफिकेट, चॅम्पियनपदासाठी मोजलं जाणारं प्रमाणपत्र) मिळतं, कोटला देणारा असेल तर नाही. त्यासाठी केसांत फवारे मारून फुगवण्याचा खटाटोप मी करत नाही.

रिंगसाईड

ताई, कोटबद्दल तुमचं बरोबर. आणि हिमरेषाताईंची पोस्ट वाचून मी माझं वाक्य जरा आवरतं घेतो. ‘चांगला जगतो’ हे तुमच्या घरापुरतं खरं आहे. तरी पूर्ण नाही म्हणणं मला जड जातं. आपण जाणत्यांनी नाही म्हटलं तर लोक तुझ्या-माझ्याकडे न येता त्या निळ्या डोळेवाल्याकडे जातात. निदान सल्ला तरी आपल्याकडून जावा.

पशुवैद्य_कुडाळ

सल्ला जरूर द्या. ‘इथेच जन्मलेली पिढी हवेला सरावलेली असते’ हे मात्र कुणाला सांगू नका. लोकर थोडी विरळ होते एवढंच. धापा टाकून गार होण्याची रीत दोन-चार पिढ्यांत बदलत नाही. ज्यांना या जातींवर माया करायचीच आहे त्यांनी मोठा झालेला, कुणाला नकोसा झालेला कुत्रा सोय बघून घ्यावा, जशी ताईंनी मोती घेतली. शहरांत असे भरपूर आहेत.

आगरातली

डॉक्टर, अगदी मनातलं लिहिलंत. आणि तोही घ्यायच्या आधी वाडीतल्या चार घरांशी बोलून घ्यावं. हस्की भुंकतो कमी, रात्री गळा काढून रडतो. आमच्याकडे ते अशुभ मानतात, म्हाताऱ्या माणसांना फार लागतं.

मालवणी_झील

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. होमस्टेसाठी कुत्रा आणायचं रद्द. करवानीचं मनात आहे, पण घाई नाही. मला रिंगमधलं शिकायला मात्र खरंच आवडेल. रिंगसाईड दादा, कुत्रा नसताना शिकता येतं का?

रिंगसाईड

येतं, आणि तसंच शिकावं. मोसमात आम्हाला मदतीला माणसं कमीच पडतात. कोल्हापूरच्या बाजूला शो असेल तेव्हा कळवतो, कातळवाटताई तेव्हा भालूला घेऊन येतातच.

कातळवाट

ये की. आम्ही आंबा घाट रात्रीच चढतो, म्हणजे घाटमाथ्याची गार हवा मिळते आणि उजाडायच्या आत मैदानावर पोहोचतो. गाडीत भालूचा पिंजरा मागे असतो, त्याच्यावर पंखा आणि खाली ओलसर नसलेली गादी, हे तू बघायचं. रत्नागिरीपर्यंत संध्याकाळी पोहोच, आईच्या हातचं जेवून निघू.

येताना रबरी तळव्याचे बूट घाल, गवतावर दव असतं आणि साधे बूट धावताना घसरतात. पँटला खोल खिसा असू दे. उकडलेलं लिव्हर बारीक कापून त्यात ठेवायचं असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कारण तिच्या आवाजाने शेजारचा कुत्रा मान वळवतो. पहिल्या खेपेला तुझ्या हातात मोतीची दोरी देते, ती नवख्या माणसाला समजून घेते.